जुनी शहाबादी किचनमध्ये बसवायचीये? आधी पाठ साफ करा

वाडा पाडताना निघालेली शहाबादी फरशी घरात बसवायची असेल तर मिस्त्री यायच्या आधीची ही तयारी. घमेलं, थापी, लेव्हल ते आणतीलच, ते सोडा.

सगळ्यात आधी फरशीची पाठ. सगळे वरची बाजू घासत बसतात आणि पाठीला जुना चुना तसाच राहतो, मागच्या वेळी आमचं हेच राहिलं आणि ओट्यासमोरच्या फरश्या पोकळ वाजायला लागल्या. छन्नी आडवी धरून हलक्या हाताने चुना उडवा, मग तारेचा ब्रश, मग पाणी. वाळल्यावर बोट फिरवा, पांढरी भुकटी लागली तर परत घासा, कारण भुकटीवर माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) धरत नाही.

ॲसिड अजिबात नको, पाठीलाही नको. हा चुनखडीचा दगड आहे, लिंबाचा रस सांडला तरी चट्टा पडतो, ॲसिडने तर फेस येऊन वरचा थरच जातो. तेलाच्या डागावर खायच्या सोड्याचा घट्ट लेप, वरून प्लास्टिक, रात्रभर. नाही गेला तर परत लावा.

जुन्या फरश्या एकसारख्या नसतात, एक इंचाची एक तर दुसरी दीड. जाडीप्रमाणे वेगळ्या करा, भिंतीला उभ्या टेकवा, कोरड्या मांडून खडूने नंबर टाका. १० टक्के जास्तीच्या ठेवा, कोपरे तुटतातच. माल आणि फरशी मिळून किती उंची वाढते ते मोजा, नाहीतर दार घासेल.

तळमजला असेल तर खाली आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम, पाणी, धुम्मसने ठोकून घट्ट करणं, वर काँक्रीट. इथे पैसे वाचवू नका.

बसवताना फरशी भिजवलेली हवी, पाठीला सिमेंटची स्लरी (पाण्यातला घोळ) हवी, ढाळ मोरीकडे हवा. आणि प्रत्येक फरशी उलटी करून पाठ बघा. मिस्त्री म्हणेल "सिमेंट धरून घेतं भाऊ", ऐकू नका, पाठ बघितल्याशिवाय एकही खाली जाऊ देऊ नका. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐका, पोकळ वाटली तर माल ओला आहे तोवरच उचला.

मे महिन्यात ४५ अंशात काम काढू नका, माल करपतो. काढलंच तर फरशीवर ७ दिवस ओलं गोणपाट ठेवा. मग सांधे, पॉलिश, पूर्ण सुकल्यावर सीलर (डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण). गॅस-सिलिंडर त्यानंतरच आत न्या.