कूलरच्या पंपावर हिवाळी भाजी: गच्चीवरचं भरती-ओहोटी हायड्रोपोनिक्स

ऑक्टोबरच्या मध्यात नागपुरातले कूलर बंद होतात आणि पंप, लोखंडी स्टँड, पाइप मार्चपर्यंत धूळ खात पडतात. पालक, लेट्युस, सांबार (पुण्यामुंबईची कोथिंबीर) यांचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीशिवाय, खताच्या पाण्यावर भाजी पिकवणं. त्यातल्या भरती-ओहोटी पद्धतीत खालच्या टाकीतलं खताचं पाणी पंपाने वरच्या ट्रेमध्ये चढवायचं, मुळं भिजली की पंप बंद, आणि पाणी त्याच पाइपातून परत खाली. पाणी उतरताना ट्रेमधल्या गिट्टीच्या (खडीच्या) फटींत ताजी हवा ओढली जाते. मुळांना पाण्याइतकीच या हवेचीही गरज असते.

उन्हाळ्यात मात्र या फंदात पडू नका. टाकीतलं पाणी १८ ते २४ अंशांच्या दरम्यान हवं. २८ च्या वर गेलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो आणि मुळं सडवणारी बुरशी जोर धरते. मे महिन्यात गच्चीवरची टाकी काय तापते, ते दुपारी नळाखाली हात धरलेल्याला सांगायला नको.

आता माप. ट्रेसाठी ६० × ४५ सेंमीचा, २० सेंमी खोल, जाड प्लास्टिकचा टब घ्या. त्यात १८ सेंमी गिट्टी आणि १५ सेंमीपर्यंत पाणी. गिट्टीत निम्म्याहून थोडी कमी जागा मोकळी असते, म्हणजे एका भरतीला साधारण १८ लिटर पाणी लागेल. खाली टाकी म्हणून ५० लिटरचा झाकणाचा बसका डबा, त्यात ४० लिटर द्रावण, म्हणजे खताचं पाणी. ट्रे भरल्यावरही पंप बुडालेला राहतो, आणि मधेच लाइट गेली तरी सगळं पाणी डब्यात मावतं. डबा पारदर्शक असेल तर बाहेरून काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा: काळ्याने शेवाळ थांबतं, पांढऱ्याने ऊन परततं. झाकण घट्ट हवं, नाहीतर डासांची पैदास घरीच.

वजनाचा हिशोब आधी करा. एवढी गिट्टी सत्तर किलोच्या पुढे जाते, वर पाणी. पाण्याने भरलेला मोठा कूलर पेलणारं स्टँड ते पेलेल, हलक्या कूलरचं नाही. गंजलेले सांधे आधी वेल्डिंग करून घ्या. भाजलेल्या मातीच्या गोळ्या, म्हणजे क्ले बॉल वापरल्या तर हेच काम वीसेक किलोत होतं, पण त्या महाग पडतात.

गिट्टी १० ते २० मिमीची, काळी, बेसाल्टची. चुरी निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. मग मूठभर दगडांवर व्हिनेगर टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, आणि असा दगड द्रावणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; आम्लता घटली की तो चढतो) रोज वर ढकलत राहील. नर्सरीतले पांढरे संगमरवरी खडे याच कारणाने बाद.

ट्रेच्या तळाला एका कोपऱ्यात दोन भोकं. एकात अर्ध्या इंचाचं टँक निपल (भोकात बसून पाइप जोडणारा तुकडा), त्यातून पाणी चढेल आणि उतरेलही. दुसऱ्यात एक इंचाचं, जादा पाण्यासाठी; त्याच्या आतल्या बाजूला पीव्हीसी पाइपचा तुकडा असा बसवा की त्याचं तोंड तळापासून १५ सेंमीवर येईल. भोकाचं माप निपल हातात घेऊन ठरवा. दुकानदार अर्धा इंच म्हणतो तेव्हा तो आतल्या पाइपचं माप सांगत असतो, भोक त्याहून बरंच मोठं लागतं. रबरी वॉशर आतून लावा, नट हाताने आवळून वर पाव फेरा पान्याने. जास्त आवळलं तर टबाला तडा जातो. दोन्ही निपलांभोवती तीन-चार इंची पाइपचा, करवतीने चिरा पाडलेला तुकडा उभा करा, म्हणजे खडे आत जाणार नाहीत आणि पाण्याची पातळी वरून दिसेल. जादा पाण्याचा पाइप खाली डब्यात सोडा. ट्रेला निचऱ्याच्या कोपऱ्याकडे एक सेंमी उतार द्या.

पंप कूलरचाच, साधारण १८ वॅटचा, पाण्यात पूर्ण बुडणारा. पाऊण मीटर उंचीला तो पुरतो. नळाला लावतात तो टिल्लू पंप इथे नको. तो इतक्या जोरात पाणी फेकतो की एक इंची पाइप मागे पडतो आणि ट्रे काठावरून वाहतो. पाइपात उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह लावू नका, ओहोटी पंपातूनच होते. जुन्या पंपावरचे पांढरे क्षार व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून काढा, जाळीला बारीक कापड बांधा.

कूलरचा शॉक नागपुरात नवा नाही, आणि इथे पाण्यात खतांचे क्षार असल्याने वीज आणखी सहज वाहते. अर्थिंग तपासा, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारं स्विच) असू द्या. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ खाईल अशी सोडा, म्हणजे थेंब प्लगमध्ये न शिरता तिथूनच गळेल. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचाच.

पंप आपोआप चालू-बंद करायला पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा टायमर चालतो. सकाळी ७, १०, दुपारी १, ४ आणि रात्री १० अशी पाच वेळा भरती. क्ले बॉललाही हेच वेळापत्रक. ट्रेत फक्त कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर दोनदाच. लाइट गेली की खुंटीवाला टायमर तेवढा मागे पडतो. वारंवार जात असेल तर बॅटरीवाला डिजिटल घ्या.

रोपं लावण्याआधी एक दिवस साध्या पाण्यावर चालवा. ट्रे पाचेक मिनिटांत भरला पाहिजे आणि पंप बंद झाल्यावर पंधरा मिनिटांत रिकामा झाला पाहिजे. रेंगाळलं तर पाइपाला कुठेतरी झोळ आहे किंवा जाळी तुंबली आहे.

द्रावणाला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) वापरू नका. त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, आणि मातीतले जिवाणू नसताना झाडाला तो फारसा उपयोगी पडत नाही. पालेभाजीसाठी ४० लिटरला कॅल्शियम नायट्रेट २४ ग्रॅम, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) बारा ग्रॅम, ०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) आठ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १६ ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड (गाळ न होता विरघळलेलं राहणारं) लोह ०.८ ग्रॅम. बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड मिश्रण पाकिटावरच्या मापाने, पण त्यात लोह असेल तर वेगळं टाकू नका. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा आणि सगळ्यात शेवटी, डबा भरत आल्यावर ओता. घट्ट द्रावणात ते फॉस्फेट-सल्फेटला भेटलं की पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे तुमचं खतच.

ईसी (पाण्यात क्षार किती ते मीटरवर दाखवणारा आकडा, mS/cm मध्ये) १.४ ते १.८ मध्ये, पीएच ५.५ ते ६.५ मध्ये. पीएच उतरवायला फॉस्फोरिक ॲसिड, थेंबाथेंबाने. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबूसत्त्वाने पीएच उतरतो, पण दोन दिवसांत परत चढतो. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी वाया जातं म्हणून इथे वापरू नका. त्यात क्षार आणखी साठलेले असतात.

लेट्युसचं बी तिशीच्या आसपासच्या उष्णतेत रुसतं. ऑक्टोबर हीटमध्ये ते घरातल्या गार खोलीत, धुतलेल्या कोकोपीटच्या दोन इंची जाळीदार कुंड्यांत रुजवा आणि चार पानं आली की ट्रेमध्ये बसवा. या ट्रेमध्ये लेट्युसचे सहा गड्डे, पालकाची वीसेक रोपं. सांबाराचं बी चपलेने रगडून दोन फाका करूनच पेरा. माकडांची ये-जा असेल तिथे वर जाळी लावा, नाहीतर पहिला तोडा त्यांचा.

डब्यात रोज साधं पाणी टाकून पातळी पूर्ववत करा, दर १२-१५ दिवसांनी द्रावण बदला. जुनं द्रावण कुंड्यांना चालतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह ओतत सुटू नका, आधी पीएच बघा. तो चढला की असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. वरची गिट्टी हिरवी झाली तर पाणी फार वर येतंय, उभा पाइप एक-दोन सेंमी कापा. खड्यांवर पांढरी पापडी धरली की एक दिवस नुसत्या पाण्याने धुऊन काढा. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी झाली तर ती रोपं उपटून फेका, वाचवत बसू नका.

फेब्रुवारी संपता संपता टाकीचं पाणी दुपारी २६-२७ अंश दाखवू लागेल. शेवटचा तोडा घ्या, गिट्टी धुऊन उन्हात पसरा. पंप कूलरमध्ये परत लावण्याआधी पंपाचा आतला पंखा उघडून त्यात अडकलेले मुळांचे धागे चिमट्याने ओढून काढा.