किनाऱ्यावर तेल आलं? या चुका टाळा

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या पुळणींवर डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट काळे गोळे) लागतात आणि उत्साही मंडळी दरवर्षी त्याच चुका करतात. मोठी गळती झाली की त्याच चुकांनी किनाऱ्याचं जास्त नुकसान होतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे घाईघाईने जेसीबी बोलावणं. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, रायगडच्या किनाऱ्यालाही लागलं. तेव्हा एका पुळणीवर ‘दुपारपर्यंत आटपून टाकू’ म्हणत कुणीतरी जेसीबी आणला. तेल होतं वरच्या दोन बोटं थरात. चाकांनी ते खोल दाबलं आणि बकेटमध्ये तेलापेक्षा स्वच्छ वाळूच जास्त आली. ढीग भरतीरेषेलाच टाकला होता. रात्री पाऊस कोसळला, सगळं परत पाण्यात. त्यानंतर कितीतरी दिवस वाळू उकरली की खाली काळा पट्टा दिसायचा.

मी ओहोटी लागली की चपटं फावडं घेऊन फक्त वरचा थर खरवडते आणि तो भरतीरेषेच्या बराच वर ताडपत्रीवर ठेवते. तेल येणार असं कळलं, की ते यायच्या आधीच प्लास्टिक, फाटकी जाळी, ओंडके उचलून वर नेते. तेल लागल्यावर तोच कचरा घातक ठरतो, त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

दुसरी चूक साबणाची. धुण्याची पावडर टाकली की तवंग दिसेनासा होतो, तेल मात्र पाण्यातच राहतं. 1967 मध्ये टोरी कॅनियन हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सुमारे 10,000 टन डिटर्जंट ओतलं गेलं. खडकांवरचं शेवाळ खाणाऱ्या शंखगोगलगायी त्याने मेल्या आणि फवारलेले खडक सावरायला न फवारलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागली. तवंग फोडणारी आजची रसायनं सौम्य आहेत, तरी ती खोल समुद्रासाठी, तीही तटरक्षक दलाच्या परवानगीनेच.

गरम पाण्याचा जोरदार फवाराही नको. 1989 मध्ये एक्झॉन व्हाल्डिझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या गळतीनंतर अलास्कात त्याने तेलातून वाचलेले जीवही मारले.

खारफुटीत गटाने शिरू नका. पायाखाली तेल चिखलात जातं, तिथे प्राणवायू नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं कुजत नाही.

खाडीत बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर) प्रवाहाला सरळ आडवा लावू नका, तिरका लावा. प्रवाह पाऊण नॉटच्या (ताशी सुमारे 1.4 किलोमीटर) आसपास गेला की आडव्या बूमखालून तेल निसटतं.

तेल माखलेला पक्षी घरी नेऊन धुऊ नका, वन विभागाला कळवा.

ताज्या तेलाच्या वाफेने डोकं दुखू लागलं की काम अर्धवट सोडून वारा जिकडून येतो त्या बाजूला जा. लहान मुलांना तर तिथे आणूच नका.