बालेनबर्गला जाताय? आई-बाबांना घेऊन जा, आणि आधी ही तयारी करा

स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला येणारी आपली बरीच मंडळी एक दिवस युंगफ्राऊ, एक दिवस टिटलिस, थोडं शॉपिंग असं करून परत जातात, आणि तिथून ट्रेनने वीसेक मिनिटांवर ब्रिएन्त्स आहे, ब्रिएन्त्सच्या जवळच बालेनबर्गचं जुन्या घरांचं खुल्या जागेतलं संग्रहालय आहे हे कोणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक सगळ्या भागांतली शंभरावर जुनी घरं, गोठे, धान्याची कोठारं, जिथं होती तिथं पाडली जाणार होती म्हणून एकेक तुळई सुटी करून, नंबर टाकून इथे आणून परत उभी केलीत. 1978 पासून हे संग्रहालय लोकांसाठी उघडं आहे. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, आणि तिथे मला कळलं की या जागेची खरी तयारी बॅगेत कमी आणि गप्पांमध्ये जास्त करायची असते.

सगळ्यात आधी तारीख बघा. साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंतच उघडं असतं, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत प्रश्न नाही, पण दिवाळी नोव्हेंबरात असली आणि त्या सुट्टीत येणार असाल तर दार बंद मिळेल. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा, "दोन तासांत उरकू" हा प्लॅन करू नका, जागा 66 हेक्टरची आहे. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांचा प्रवासाचा पास) असेल तर बाहेर तिकीट काढायच्या आधी तो दाखवून इथे चालतो का ते विचारा. गेट दोन आहेत, पश्चिमेला हॉफश्टेटनचं आणि पूर्वेला ब्रिएन्त्सविलरचं, म्हणून एकीकडून आत जा आणि दुसरीकडून बाहेर पडा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना तोच रस्ता परत चालावा लागत नाही. पण तिथून परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते सकाळीच रेल्वेच्या ॲपवर बघून फोटो काढून ठेवा.

कपड्यांचं म्हणाल तर युंगफ्राऊसाठी आणलेलं जाड जॅकेट हॉटेलातच ठेवा, ही जागा सहा-सातशे मीटरवरच आहे. पण पाऊस कधीही येतो, तेव्हा रेनकोट हवाच. चप्पल-सँडल नको, बूट घाला, रस्ते चढउताराचे आहेत आणि घरांमधल्या पायऱ्या उंच नि अरुंद. दारं फार बुटकी आहेत, उंच माणसांनी वाकूनच शिरायचं, आणि उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही म्हणून उंबऱ्यापाशी थांबायचं. दम्याचा त्रास असेल त्यांनी पंप खिशात ठेवा, कारण काही घरांत चूल खरोखर पेटवतात आणि धूर घरातच फिरतो.

आता मुख्य तयारी. जायच्या आदल्या रात्री आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना विचारा की तुमच्या लहानपणीच्या घरात गुरं कुठे बांधायची, गवत कुठे ठेवायचं, धान्याला उंदीर लागू नये म्हणून काय करायचे. सासूबाई पाटणकडच्या, त्यांनी गव्हाण, दावण, माळा, कणगी, शिंकाळं असं सगळं सांगितलं आणि मी ते मोबाईलवर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी एकेक शब्द समोर दिसायला लागला. मादिसविल गावचं 1709 चं घर बघा, माणसं, गुरं, खळं, चारा सगळं एकाच छपराखाली. ओबरएंटफेल्डनचं 1609 चं घर शाकारलेलं आहे, छप्पर इतकं खाली उतरतं की सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्यासारखंच, पावसाला भिंतीपर्यंत येऊच द्यायचं नाही." वालिस प्रांताकडचं धान्याचं कोठार खांबांवर उभं असतं आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर मोठी गोल दगडी चकती, उंदीर खांब चढला तरी चकतीला उलटा लटकून पुढे जाऊ शकत नाही. त्या चकतीखाली आम्ही बराच वेळ उभ्या होतो. आणि ला शो-द-फोंचं 1617 चं घर चुकवू नका, आत मधोमध लाकडी फळ्यांचं एवढं मोठं धुराडं की त्याखाली उभं राहून वर बघितलं की आभाळाचा तुकडा दिसतो, पूर्वी तिथेच मांस धुरावर टांगून टिकवायचे. टिचिनो प्रांताकडची घरं मात्र दगडाची, छप्परसुद्धा दगडी लाद्यांचं. सगळी घरं बघायचा हट्ट धरू नका, आठ-दहा निवडा आणि आत बसा. जिथे टोपल्या विणतात, लोहारकाम चालतं, पाव भाजतात, चीज करतात तिथे जास्त थांबा, त्या दिवशी कुठलं काम कुठे चाललंय ते आत शिरताना गेटवरच विचारा.

खाण्याचं नीट ठरवा. आत रेस्टॉरंट आहेत पण सॉसेज बहुतेक डुकराच्या मांसाचं असतं, आणि कडक शाकाहारी असाल तर हेही माहीत असू दे की पारंपरिक स्विस चीजसाठी दूध वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पदार्थाने घट्ट करतात. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, शिवाय तिथल्या भट्टीतला पाव घेतला. पाण्याची रिकामी बाटली न्या, स्वित्झर्लंडमध्ये गावच्या हौदाचं पाणी सहसा पिण्यासारखं असतं, फक्त "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथलं प्यायचं नाही. मुलं बरोबर असतील तर गायी, शेळ्या, डुकरं, कोंबड्या दिसतील, त्यांना घरून आणलेलं काही खायला घालू नका एवढं आधीच सांगून ठेवा.

आणि मोबाईल पूर्ण चार्ज करून न्या, फोटोंसाठी तर आहेच, पण रेकॉर्डिंगसाठी जास्त. सासूबाई एका काळ्याकुट्ट स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून त्यांच्या आईच्या घराबद्दल वीस मिनिटं बोलल्या, मी लग्न होऊन आल्यापासून हे कधीच ऐकलं नव्हतं, आणि माझी बॅटरी तेव्हा चार टक्क्यांवर होती.