मीटिंगमधे तोंडच उघडत नाही? डोक्यातला अडसर असा हलवा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला असताना मला सोमवारच्या रिव्ह्यूची फार धास्ती असायची. रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, का वाढलं ते मला माहीत असायचं, मशीनपाशी मीच उभा असायचो, पण साहेबांनी विचारलं की घशाला कोरड पडायची आणि "बघून सांगतो सर" एवढंच निघायचं. काम येत होतं हो, डोकं आडवं येत होतं. त्यातून कसा निघालो ते क्रमाने सांगतो.

आधी भीती नेमकी कसली ते एका वाक्यात वहीत लिहा. "कॉन्फिडन्स नाही" असलं मोघम नको, त्यातून काही हाती लागत नाही. माझं वाक्य निघालं, "इंग्लिश चुकलं तर सगळे हसतील". मग त्याखाली लिहा, असं खरंच किती वेळा झालंय. माझ्या बाबतीत एकदा, तेही ट्रेनी असताना.

आता खरं काम, टाळणं बंद करायचं. टाळलं की लगेच हायसं वाटतं ना, तिथेच सगळं फसतं, कारण मेंदू धरून बसतो की टाळलं म्हणून वाचलो आणि पुढच्या वेळी भीती अजून वाढते. पण एकदम उडी नको, पायऱ्या पाडा. मी आधी शिफ्ट बदलताना पुढच्या सुपरवायझरला उभ्या उभ्या दोन मिनिटं रिपोर्ट द्यायला लागलो, मग रिव्ह्यूत फक्त एक आकडा, मग एक कारण आणि तेही मराठीत, इंग्लिश स्लाइड सगळ्यात शेवटी. एका पायरीवर धडधड कमी होईपर्यंत तिथेच थांबा. मधेच एखादी पायरी घसराल, घसरू दे, परत तिथूनच.

आपल्या चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा, लष्करात रोइंग शिकायला लागला तेव्हा त्याला पाण्याची भीती होती, आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमधे वल्ही मारत होता. भीती जायची वाट बघितली असती तर बोटीत बसलाच नसता.

मग जर-तर ठरवा. "उद्या बोलेन" असं नाही, "रिजेक्शनचा विषय निघाला की पहिला आकडा मी सांगणार" असं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडलीय आणि मला तिचा खूप उपयोग झाला. बोलायच्या आधी श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ.

झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र वहीवर भागवू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, २४ तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.

आणि प्रत्येक पायरीला भीतीचे दहापैकी मार्क लिहा, आधीचे आणि नंतरचे. माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात ८ आणि ५ आहे, तिसऱ्या महिन्यात ४ आणि २.