दुकानातल्या संगणकावर काम करताना आपली कागदपत्रे आणि खाती कशी सांभाळावीत

भाचीच्या प्रवेशअर्जाची छापील प्रत काढण्यासाठी गेल्या जूनमध्ये तिच्याबरोबर एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. तिची फाइल शोधण्यासाठी दुकानदाराने संगणकावरचा डाउनलोड्स हा फोल्डर उघडला आणि ती सापडेपर्यंत आमच्या डोळ्यांसमोरून अनोळखी माणसांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, पासबुकांची पहिली पाने आणि दहावीच्या गुणपत्रिका सरकत गेल्या. दुकानदार भला माणूस होता. त्याने ती कागदपत्रे मुद्दाम साठवली नव्हती; ती पुसायची आठवण कोणालाच राहिली नव्हती, एवढेच. संगणकावरच्या गोपनीयतेविषयी बोलताना आपण कुठेतरी दूर बसलेल्या हॅकरची धास्ती घेतो, पण ज्या टेबलावर आपण आपल्याच हाताने सगळी कागदपत्रे सोडून येतो त्या टेबलाचा विचार फारसा करत नाही. हा लेख त्या टेबलाविषयी आहे.

घरी संगणक किंवा छपाईयंत्र नसलेल्या असंख्य कुटुंबांना शिष्यवृत्तीसाठी, सीईटीच्या अर्जासाठी, सातबाऱ्यासाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी अशा दुकानांची आणि सेवा केंद्रांची गरज पडते आणि पुढेही पडत राहील. त्यामुळे तिथे जाऊ नका असे सांगणे निरर्थक आहे. तिथे जाऊन काय करावे आणि काय टाळावे, हे क्रमाने पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सायबर कॅफेमधला संगणक खासगी नसतो, आणि कायद्यालाही तो तसा अभिप्रेत नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये केलेल्या नियमांनुसार कॅफेचालकाने येणाऱ्याचे ओळखपत्र पाहून त्याची नोंद ठेवायची असते, त्या संगणकावरून कोणती संकेतस्थळे उघडली गेली याचा तपशील किमान एक वर्ष जपायचा असतो, मधली आडभिंत साडेचार फुटांपेक्षा उंच बांधायची नसते, आणि आडभिंतीबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवायचे असतात. गैरवापराला आळा बसावा म्हणून हे नियम झाले. तिथे बसणाऱ्याने मात्र आपला पडदा मागून कोणालाही दिसू शकतो, असे गृहीत धरूनच काम करावे.

घरून निघण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे अर्जांसाठी एक वेगळे ईमेल खाते स्वतःच्या मोबाइलवर उघडणे. ज्या खात्यावर बँकेची पत्रे, घरचे फोटो आणि इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात, ते खाते दुकानातल्या संगणकावर कधीच उघडू नये. अर्जांचे खाते वेगळे असले की चुकून ते उघडे राहिले तरी नुकसान तेवढ्यापुरतेच राहते.

दुसरे काम आधारचे. आधार प्राधिकरणाच्या मायआधार या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन आत गेल्यावर, आधार उतरवून घेताना (डाउनलोड करताना) मास्क्ड आधार असा पर्याय मिळतो. त्यात १२ अंकी क्रमांकातले पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. जिथे ओळख पटवण्यापुरतीच प्रत हवी असते, तिथे हीच प्रत आधी पुढे करावी. ती घरीच, आपल्या मोबाइलवर उतरवून न्यावी, कारण दुकानातल्या संगणकावर उतरवली की तिची एक प्रत तिथे राहण्याची शक्यता उरतेच. २०२२ च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने नेमका हाच सल्ला देणारे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल, असे सांगून केंद्र सरकारने ते दोन दिवसांतच मागे घेतले आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे असे कळवले. पत्रक मागे गेले, तरी कॅफेच्या संगणकावर आधार उतरवू नये आणि उतरवलेच तर त्याच्या सगळ्या प्रती कायमच्या पुसाव्यात, हा त्यातला सल्ला माझ्या मते शंभर टक्के योग्य होता.

त्यासाठी आणखी एक कारण आहे. ई-आधारच्या, म्हणजे संकेतस्थळावरून उतरवलेल्या आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, म्हणून ती सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. पण तो पासवर्ड म्हणजे आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. ज्या दुकानात आपण आत्ताच नाव आणि जन्मतारीख लिहून दिली, तिथे हे कुलूप काय कामाचे?

फाइल दुकानापर्यंत कशी न्यावी

सर्वांत सोयीचा म्हणून सध्या जो मार्ग रूढ झाला आहे तोच सर्वांत धोक्याचा आहे. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडायचे, पडद्यावरचा चौकोनी कोड आपल्या मोबाइलने स्कॅन करायचा आणि फाइल तिथे उतरवून घ्यायची, हा तो मार्ग. त्या क्षणी आपले गप्पांचे सगळे दालन दुकानातल्या टेबलावर उघडते. पूर्वी मोबाइलचे इंटरनेट बंद झाले की संगणकावरचे व्हॉट्सअॅपही थांबत असे. आता जोडलेला संगणक मोबाइल बंद असतानाही चालू राहतो. म्हणजे आपण घरी येऊन मोबाइल चार्जिंगला लावून झोपलो, तरी दुकानात आपले संदेश येत राहतात. घाईत, मागे रांग उभी असताना, लॉग-आउट करायचे राहून जाणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून हा मार्ग मुळातच टाळावा.

त्याऐवजी एक लहान क्षमतेचा पेनड्राइव्ह केवळ या कामासाठी ठेवावा आणि त्यात त्या दिवशी छापायची तेवढीच फाइल न्यावी. घरचे फोटो आणि जुनी कागदपत्रे असलेला पेनड्राइव्ह दुकानात लावू नये. अनेक दुकानांतल्या संगणकांवर व्हायरस असतात आणि पुसलेल्या फाइलीसुद्धा विशिष्ट सॉफ्टवेअरने परत मिळवता येतात. मोबाइलवरून पेनड्राइव्हवर फाइल घेण्याची सोय नसेल, तर दुकानाच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावर ती एकच फाइल पाठवावी आणि छपाई झाल्यावर तिथेच उभे राहून ती ‘सर्वांसाठी डिलीट’ करावी. ही सोय पाठवल्यापासून सुमारे अडीच दिवसच मिळते आणि तिने फक्त संदेश पुसला जातो. दुकानदाराने ती फाइल संगणकावर उतरवून घेतली असेल, तर ती तिथेच राहते. त्यामुळे “दादा, डाउनलोडमधली फाइलही काढून टाकता का?” असे विचारावे. सौजन्याने विचारले तर कोणी नाही म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

संगणकासमोर बसल्यावर

ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी. क्रोम आणि एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकत्र दाबली की ती उघडते. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी दाबावे. त्या खिडकीत केलेला वावर आणि भरलेली माहिती ब्राउझर बंद केल्यावर त्या संगणकात जपली जात नाही. या खिडकीविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून ती काय करत नाही तेही सांगतो. उतरवून घेतलेली फाइल ती पुसत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून किंवा भेट दिलेल्या संकेतस्थळापासून ती आपल्याला लपवत नाही. आणि दाबलेले प्रत्येक बटण नोंदवून ठेवणारे एखादे छुपे सॉफ्टवेअर त्या संगणकात असेल, तर त्याच्यापुढे तिचा काहीही उपयोग नाही. याच कारणामुळे सामायिक संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत. परीक्षेचे शुल्क भरायचे असेल तर पडद्यावर आलेला क्यूआर कोड आपल्या मोबाइलने स्कॅन करून भरावे. कार्डाचा क्रमांक त्या कीबोर्डवर टाकू नये.

पासवर्ड जतन करायचा का, असे ब्राउझरने विचारले तर नकार द्यावा. लॉग-इनच्या पानावर ‘मला लक्षात ठेवा’ असा चौकोन आधीच खूण करून ठेवलेला असेल, तर ती खूण काढावी.

अर्ज दुसऱ्याकडून भरून घेताना

या मुद्द्यावर जरा थांबायला हवे, कारण इथे होणारे नुकसान पुसून निघत नाही. प्रवेशाच्या हंगामात गर्दी असते, आई-वडिलांना संकेतस्थळाची सवय नसते आणि दुकानदार भराभर दहा अर्ज भरत असतो. वेळ वाचावा म्हणून तो स्वतःचाच ईमेल पत्ता टाकतो, काही वेळा मोबाइल क्रमांकही स्वतःचा देतो, सगळ्यांना एकाच धाटणीचा पासवर्ड ठेवतो आणि तो आपल्या वहीत लिहून घेतो. त्यामागे बहुधा वाईट हेतू नसतो. पासवर्ड विसरलेले विद्यार्थी पुन्हा त्याच्याकडेच येतात आणि वही कामाला येते. परंतु मोबाइल क्रमांक दुकानाचा असेल, तर ओटीपी दुकानात जातो. महाविद्यालयांचा पसंतीक्रम बदलणे, अर्ज मागे घेणे, शिष्यवृत्तीची स्थिती पाहणे या सगळ्याची किल्ली मग त्या वहीत राहते, आणि दुकान बंद झाले किंवा कामाला असलेला मुलगा नोकरी सोडून गेला, तर ती किल्ली कोणाकडे आहे हेही कळत नाही.

म्हणून अर्ज कोणीही भरो, मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच द्यावा आणि पडद्यावर तोच लिहिला गेला आहे ना, हे अंक न् अंक वाचून पाहावे. पासवर्डच्या चौकटीशी आल्यावर “काका, हे मी टाकते” असे म्हणून कीबोर्ड मुलीने स्वतःकडे घ्यावा. ओटीपी मोठ्याने वाचून दाखवण्याऐवजी स्वतः टाइप करावा, आणि त्याआधी संदेशातला मजकूर पूर्ण वाचावा, कारण तो ओटीपी कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेले असते. माझ्या भाचीला हे सांगितल्यावर तिला सुरुवातीला संकोच वाटला. आपण काकांवर अविश्वास दाखवतो आहोत असे तिला वाटले. दुकानदारानेच “बरोबर आहे, तूच टाक” म्हणून खुर्ची सरकवली, तेव्हा तिचा संकोच गेला.

स्कॅन केलेल्या मूळ कागदपत्रांच्या प्रतिमाही संगणकातच राहतात. त्या पेनड्राइव्हवर घेताना कॉपी न करता कट करून घ्याव्यात, म्हणजे संगणकावरच्या फोल्डरमध्ये त्या उरत नाहीत. छापील झेरॉक्स देताना कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे तिच्यावर आडवे लिहून सही करावी. अक्षरे फोटोच्या किंवा मजकुराच्या काही भागावरून जावीत, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड होते. बिघडलेल्या, अर्धवट निघालेल्या प्रती मागून घ्याव्यात, कारण रद्दीत गेलेले कागद कोणाच्या हाती पडतील याचा नेम नसतो.

उठण्यापूर्वी

प्रत्येक संकेतस्थळावरून लॉग-आउट करावे. नुसती खिडकी बंद करणे पुरेसे नाही. त्यानंतर कंट्रोल आणि जे ही बटणे दाबली की ब्राउझरने उतरवलेल्या फाइलींची यादी दिसते. त्यातून फाइल जिथे आहे तो फोल्डर उघडावा, आपली फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबावे, म्हणजे ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते. आपण केलेले काम चुकून साध्या खिडकीत झाले असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून उघडणाऱ्या चौकटीतून नोंदी पुसाव्यात, मात्र आपण बसलो होतो तेवढ्याच वेळेच्या. दुकानदाराच्या स्वतःच्या नोंदी त्याला लागत असतात. मग खासगी खिडक्या सगळ्या बंद कराव्यात, कारण एक जरी उघडी राहिली तरी तिच्यातले लॉग-इन जिवंत राहते.

घरी आल्यावर

मोबाइलवर व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ असा विभाग आहे. तिथे अनोळखी संगणक दिसला, तर त्याच्या नावावर बोट ठेवून लॉग-आउट करावे. पूर्वी कधीतरी दुकानात कोड स्कॅन केला असेल, तर हे आजच तपासावे. गूगल खात्यातही सुरक्षा या विभागात आपण कोणकोणत्या यंत्रांवर लॉग-इन आहोत याची यादी असते आणि तिथूनच कोणत्याही यंत्रावरचे खाते बंद करता येते. दुकानात वापरलेला पासवर्ड त्याच संध्याकाळी आपल्या मोबाइलवरून बदलावा आणि दुपदरी पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरी खातरजमाही मागणारी सोय) सुरू करावी, म्हणजे पासवर्ड कोणाला कळला तरी तेवढ्याने खाते उघडत नाही.

आधारच्या बोटांच्या ठशांचा वापर नेहमी करत नसाल, तर मायआधारवर बायोमेट्रिक कुलूप लावून ठेवावे. गरज पडेल तेव्हा ते थोड्या वेळासाठी उघडता येते. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपले आधार कुठे पडताळले गेले याची यादी पाहता येते. आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर कळते, आणि आपला नसलेला क्रमांक तिथेच कळवता येतो. कागदपत्रांच्या प्रती इकडे तिकडे गेल्या आहेत अशी शंका असेल, तर या दोन्ही याद्या दर दोन-तीन महिन्यांनी पाहाव्यात.

पैसे गेले असतील, तर मात्र आधी दुकानात जाऊन विचारपूस करण्यात वेळ घालवू नये. तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येतात. पैशांशिवायचा गैरवापर असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तक्रारीसोबत अर्ज कोणत्या दिवशी आणि किती वाजता भरला हे लिहावे लागले, तर शुल्काची पावती आणि ओटीपीचे संदेश उपयोगी पडतात. म्हणून प्रवेशाचा हंगाम संपेपर्यंत ते संदेश मोबाइलमधून काढू नयेत.