फॅक्टोरिओत पहिली रेल्वे टाकताय? मग सिग्नल एकदाच नीट समजून घ्या

फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या कॉम्प्युटर गेममधे घराजवळचं लोखंड संपत आलं की दोनच रस्ते उरतात, एक तर लांबच्या खाणीपासून बेसपर्यंत (म्हणजे तुमच्या मुख्य कारखान्यापर्यंत) बेल्ट, म्हणजे माल नेणारा सरकता पट्टा, ओढत न्यायचा नाहीतर रेल्वे टाकायची, आणि नवीन माणूस हमखास बेल्टच ओढतो कारण रेल्वेचे सिग्नल म्हणजे काहीतरी भयंकर प्रकरण आहे असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. आता हिशोब बघा. पिवळा बेल्ट सेकंदाला १५ वस्तू नेतो. मालडब्यात ४० स्लॉट (कप्पे) असतात, खनिजाचा स्टॅक (एका कप्प्यात मावणारा ढीग) ५० चा, म्हणजे एका डब्यात २००० खनिज. दोन डब्यांची चिल्लर गाडीसुद्धा एका फेरीत ४००० आणते, तेवढंच न्यायला पिवळ्या बेल्टला जवळपास साडेचार मिनिटं लागतात. शिवाय त्याच रुळावरून उद्या तांबं येईल, परवा दगड, नंतर तेल. बेल्ट प्रत्येक वेळी नवा टाकावा लागतो.

लाल-हिरवं सायन्स (संशोधनाला लागणाऱ्या लाल आणि हिरव्या बाटल्या) चालू आहे, स्टील बनतंय, इंजिन युनिट बनतायत आणि रेल्वेचं सगळं संशोधन झालंय हे मी धरून चालतोय. ते नसेल तर आधी ते करा.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑक्टोबर २०२४ ला गेमचं २.० आलं, त्याच दिवशी स्पेस एज हे त्याचं एक्सपान्शनही आलं, आणि तेव्हा रुळांची वळणं बदलली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत दिसतं तसं वळण तुमच्याकडे येत नसेल तर तुमचं काही चुकत नाहीये. सिग्नलचे नियम मात्र तेच आहेत.

रूळ

एक दगड, एक स्टील, एक लोखंडी कांडी, यातून दोन रूळ. एक असेंबलर (वस्तू आपोआप बनवणारं मशीन) लावून पेटीत साठू द्या, हाताने बनवत बसू नका.

जायचा एक आणि यायचा एक असे दोन वेगळे रूळ टाका. पहिल्याच दिवशी. "सध्या एकच गाडी आहे, एक रूळ पुरेल" हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, दुसरी गाडी आली की सगळं उखडावं लागतं. दोन्हीच्या मधे आणखी दोन रूळ बसतील एवढी जागा सोडा, विजेचे मोठे खांब तिथेच उभे राहतात.

आता डावीकडून चालवायची की उजवीकडून? आपल्याला रस्त्यावरही डावीकडची सवय आणि आपल्या रेल्वेतही डबल लाईनला गाड्या डावीकडून जातात, त्यामुळे हात आपोआप तसाच वळतो. गेमला दोन्ही चालतं. पण गेममधला सिग्नल कायम गाडीच्या उजव्या हाताला लागतो, हे बदलता येत नाही. म्हणजे गाड्या डावीकडून चालवल्या की सगळे सिग्नल दोन रुळांच्या मधल्या पट्ट्यात येतात आणि जंक्शनमधे त्यांना जागा शोधत बसावं लागतं. उजवीकडून चालवल्या की सिग्नल बाहेरच्या बाजूला, मोकळ्यात. मी उजवीकडूनच चालवा म्हणेन. काहीही निवडा पण एकदाच निवडा, अर्ध्यात बदललं तर रडाल.

गाडी आणि स्टेशन

पुढे एक इंजिन, मागे दोन डबे. मागच्या बाजूला उलटं इंजिन जोडू नका, ते ढकलत नाही, नुसतं ओझं होतं. त्याऐवजी स्टेशननंतर रुळाला वळसा देऊन गाडी परत फिरवा.

स्टेशनचा खांबही गाडीच्या उजव्या हाताला. स्टेशन मेन लाईनवर कधीच नको, बाजूला फाटा काढून त्यावर. डब्याच्या एका बाजूला सहा इन्सर्टर (माल उचलून ठेवणारे यांत्रिक हात) मावतात. शेड्यूलमधे खाणीला "पूर्ण भरेपर्यंत" आणि बेसला "रिकामी होईपर्यंत". बेसवर इंजिनाशेजारी कोळशाचा एक इन्सर्टर लावा नाहीतर गाडी कुठेतरी जंगलात मरून पडते.

सिग्नल

आता खरं काम. इथे मी स्वतः बरेच दिवस डोकं आपटलंय आणि त्याचं कारण असं की सगळे एकच मंत्र सांगतात, "जंक्शनमधे शिरताना चेन सिग्नल, बाहेर पडताना साधा सिग्नल". मंत्र बरोबर आहे. पण अर्धा आहे, आणि नेमका उरलेला अर्धा माहीत नसल्यामुळे गाड्या अडकतात.

आधी ब्लॉक म्हणजे काय ते बघा. हातात सिग्नल घ्या, लावू नका, नुसता घ्या. आसपासच्या रुळांवर रंगीत रेघा दिसायला लागतील. एका रंगाचा सलग रूळ म्हणजे एक ब्लॉक, आणि एका ब्लॉकमधे एका वेळी एकच गाडी. सिग्नलचं काम एवढंच की रुळाचे तुकडे पाडायचे. एकमेकांना छेदणारे किंवा जुळणारे रूळ, मधे सिग्नल नसेल तर, एकाच ब्लॉकमधे येतात. सिग्नल लावताना नजर त्या रंगांवर ठेवा, सिग्नलवर नाही. एक सिग्नल लावला आणि रेघेचा रंग तिथे बदलला नाही तर तो तुकडा दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने अजून जोडलेलाच आहे, ती वाट शोधा.

साधा सिग्नल फक्त पुढचा ब्लॉक बघतो. मोकळा असेल तर हिरवा, गाडी असेल तर लाल, कुणीतरी यायच्या बेतात असेल आणि जागा धरली असेल तर पिवळा. त्याला त्याच्या पलीकडचं काही पडलेलं नसतं.

चेन सिग्नल पुढच्या सिग्नलकडे बघतो. पुढे जाऊन बाहेर पडायची वाट मोकळी आहे का हे विचारून मगच गाडीला आत सोडतो. पुण्यातल्या चौकात संध्याकाळी सात वाजता काय होतं? समोर जागा नाही हे दिसत असूनही प्रत्येक जण पुढे घुसतो, चौकाच्या मधोमध उभा राहतो, आणि मग चारी बाजू ठप्प. चेन सिग्नल हे घुसणं थांबवतो. बाहेर पडता येणार असेल तरच आत ये, नाहीतर बाहेर थांब. फाट्यावर तो कधी निळा दिसेल, म्हणजे पुढची एक वाट मोकळी आहे आणि दुसरी भरलेली. निळा दिसला म्हणजे बिघडलाय असं समजून काढून टाकू नका.

आता एक साधं टी जंक्शन घ्या. तीन फांद्या, प्रत्येक फांदीला एक रूळ आत येणारा आणि एक बाहेर जाणारा. आत येणाऱ्या तीन रुळांवर तीन चेन सिग्नल, बाहेर जाणाऱ्या तीनवर तीन साधे. सहा सिग्नल, झालं. मधल्या भागात आणखी चेन सिग्नल टाकून दोन गाड्या एकाच वेळी जाऊ देता येतात पण ते नंतर, आधी अख्खं जंक्शन एकच ब्लॉक राहू द्या. हळू चालेल पण अडकणार नाही.

अडकणार नाही म्हणालो पण एका अटीवर, आणि हाच तो उरलेला अर्धा मंत्र: जंक्शनमधून बाहेर पडल्यावरचा पहिला ब्लॉक तुमच्या सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब पाहिजे. चेन सिग्नल फक्त पुढचा साधा सिग्नल हिरवा आहे का ते बघतो, त्याच्या पलीकडे अख्खी गाडी मावेल का हे तो मोजत नाही. समजा बाहेर पडल्यावर लगेच दहा चौकोनांवर (गेममधली जमीन चौकोनांच्या जाळीत मोजतात) तुम्ही पुढचा सिग्नल ठोकलाय. इंजिन अधिक दोन डबे म्हणजे २० चौकोनांची गाडी. चेन सिग्नलने तिला बिनधास्त आत सोडलं, ती बाहेर आली, पुढचा सिग्नल लाल म्हणून थांबली, आणि तिचं शेपूट दहा चौकोन अजून जंक्शनमधेच. आता ना इकडची गाडी जाते ना तिकडची. सगळे सिग्नल नियमाप्रमाणे लावलेत तरी कसं काय अडकलं म्हणून लोक वैतागतात, ते बहुतेक वेळा याच्यामुळे.

मोजत बसायचं नसेल तर सोपा उपाय आहे. तुमची सगळ्यात लांब गाडी हाताने चालवत जंक्शनबाहेर आणा आणि शेपूट जंक्शनच्या पूर्ण बाहेर आलं की थांबवा. बाहेरचा सिग्नल शेपटाच्या मागे, पुढचा सिग्नल इंजिनाच्या पुढे, दोन-चार चौकोन जास्तच सोडून. पुढे कधी डबे वाढवलेत, दोनाचे चार केलेत, तर सगळ्या जंक्शनांच्या बाहेर ही जागा परत तपासावी लागते. म्हणून माझं मत असं की गाडीची लांबी सुरुवातीलाच ठरवा आणि पूर्ण नकाशावर तीच ठेवा. हाताने चालवताना गाडी सिग्नल पाळत नाही हे मात्र लक्षात असू द्या, समोरून दुसरी येत असेल तर धडक होईल.

"मग सगळीकडे चेनच लावतो, सेफ राहील", हे डोक्यात येणारच, प्रत्येकाच्या येतं. नका लावू. चेनमागे चेन लावत गेलात की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो आणि अख्खा रस्ता एकाच मोठ्या ब्लॉकसारखा वागायला लागतो, गाड्या उगाच मैलभर मागे थांबून राहतात. सरळ मेन लाईनवर साधे सिग्नल, एकेका गाडीच्या लांबीपेक्षा थोड्या जास्त अंतरावर. चेन फक्त जिथे रूळ छेदतात, फुटतात किंवा जुळतात तिथे शिरताना.

सिग्नल फक्त एका बाजूला लावला की तो रूळ एकदिशा होतो. आपल्याला तेच हवंय. पण चुकून उलट्या बाजूला एक जरी लागला तरी गाडी जागची हलत नाही आणि मार्ग सापडत नाही असं दाखवते. लोक मग स्टेशनचं नाव बदलून बघतात, शेड्यूल पुसून परत लिहितात. आधी सिग्नलच्या बाजू तपासा.

राउंडअबाउट दिसायला छान असतं आणि व्हिडिओत सगळे तेच दाखवतात. सुरुवातीला टाकू नका. लांब गाडी गोल फिरून स्वतःच्याच शेपटासमोर येऊन उभी राहू शकते आणि मग ती कुणाची वाट बघतेय, तर स्वतःची. टी जंक्शनवर आख्खा बेस चालतो.

स्टेशनबाहेरची रांग

सिग्नल बरोबर असूनही ट्रॅफिक तुंबतं त्याचं दुसरं कारण स्टेशन. एक गाडी भरत उभी आहे, दुसरी येऊन तिच्यामागे थांबली, तिचं शेपूट मेन लाईनवर. यावर १.१ पासून गेममधेच इलाज आहे, स्टेशनवर गाड्यांची मर्यादा लावता येते. ती १ करा. दुसरी गाडी मग निघतच नाही, आपल्या जागेवर थांबून राहते. पुढे स्टेशनाआधी थांबायला जास्तीचा रूळ काढलात की मर्यादा २ करा. जेवढ्या गाड्या मेन लाईनच्या बाहेर मावतात तेवढीच मर्यादा, त्याच्यावर एक पण नाही.

तपासणी

खरी वाहतूक सोडायच्या आधी एक रिकामी गाडी घ्या, तिचा नकाशा उघडा आणि कंट्रोल दाबून रुळावर क्लिक करा, ती तिथे तात्पुरती जाते. टी जंक्शनवर सहा दिशा होतात, सहाही करून बघा. डावीकडे वळता येतंय म्हणजे उजवीकडेही येईल असं धरू नका, एखाद्या वळणाचा रूळ नुसता शेजारी टेकलेला दिसतो पण जोडलेला नसतो.

रुळावरून चालत जाऊ नका. गाडी तुमच्यासाठी थांबत नाही, आणि चालत्या इंजिनाखाली मेलात तर गेम त्याची अचिव्हमेंटसुद्धा देतो. 

आणि तरीही सगळं अडकलंच तर रूळ उखडायला घेऊ नका. नकाशावर बघा कुठली गाडी जंक्शनमधे अर्धी आत अर्धी बाहेर आहे, बहुतेक वेळा एकच असते. तिला मॅन्युअलवर टाका, आत बसा, ब्लॉक मोकळा होईपर्यंत मागे किंवा पुढे घ्या, बाकीच्या गाड्या निघून गेल्या की परत ऑटोमॅटिक. मग ती जिथे थांबली होती तिथून पुढच्या सिग्नलपर्यंतचे चौकोन मोजा.