अपग्रेड करताना डिपेन्डन्सीत अडकलात तर काय करायचं

लिनक्सवर अपग्रेडची कमांड दिली, ढीगभर पॅकेजेसची (म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची) नावं स्क्रीनवरून सरकली आणि शेवटी 'अनमेट डिपेन्डन्सीज' नाहीतर 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असं आलं की बरेच जण नेटवर सापडेल ती पहिली फोर्सवाली कमांड चिकटवतात, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. डिपेन्डन्सी म्हणजे एका पॅकेजला चालायला लागणारं दुसरं पॅकेज. असा मेसेज आला म्हणजे बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं, पॅकेज मॅनेजरनं (पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्राम, इथं ॲप्ट) आधी हिशोब करून पाहिला, तो जुळला नाही म्हणून तो थांबला, एवढंच. आणि बऱ्याचदा भानगड एखाद-दुसऱ्याच पॅकेजची असते, तेही बाहेरून कुठून तरी आलेलं. ते शोधायचं, बाजूला करायचं, अपग्रेड पुरं करायचं. खाली डेबियन, उबंटू, मिंट धरून सांगतोय, कमांड इथं देवनागरीत असल्या तरी टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या.

सुरुवात बॅकअपनं. टाइमशिफ्ट या टूलनं स्नॅपशॉट (सिस्टमची आत्ताची प्रत) घ्या, महत्त्वाच्या फायली वेगळ्या डिस्कवर टाका, आणि आलेला एरर पूर्ण कॉपी करून ठेवा, नंतर लागतो.

मग आधीचं काही अर्धवट राहिलंय का ते बघायचं. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. मध्येच लाइट गेली किंवा टर्मिनल बंद केलं असेल तर कधीकधी एवढ्यावरच काम होतं. सोबत 'डीएफ -एच' मारून जागा बघा, कारण बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असलं की जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) साचून ते भरतं आणि नवा कर्नल अर्धवट बसतो, मग पुढचं सगळं डिपेन्डन्सीचा प्रॉब्लेम असल्यासारखं दिसतं.

तरी अडलंच तर आता एरर नीट वाचा, घाईत नको. ओळीत डावीकडे कोण मागतंय ते असतं, 'डिपेन्ड्स' च्या पुढे काय हवंय ते. पण ॲप्ट अनेकदा साखळीतली वरची कडीच दाखवतो, खालचं कारण सांगत नाही. म्हणून जे नाव 'नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड' म्हणून आलंय तेच 'ॲप्ट इन्स्टॉल' ला देऊन बघा, तो पुढचं नाव सांगेल, मग ते द्या, असं करत करत मूळ सापडतं. प्रत्येक वेळी '-एस' लावा म्हणजे नुसती रंगीत तालीम होते, बदलत काही नाही.

संशयित सापडला की 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे त्याचं नाव. माझ्या मते ही सगळ्यात कामाची कमांड आहे आणि लोक हीच विसरतात. तीन चांदण्या असतात ते तुमच्याकडचं व्हर्जन, आणि त्याच्याखाली ते कुठल्या रेपोतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) मिळतं ते. तिथं फक्त '/व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' एवढंच असेल तर ते व्हर्जन आत्ता कुठलाच रेपो देत नाहीये, म्हणजे कधीतरी हातानं टाकलेली डेब फाइल (एकट्या पॅकेजची फाइल) किंवा काढून टाकलेल्या रेपोचा उरलेला माल. पीपीएचं (उबंटूसाठी बाहेरचे लोक चालवतात त्या रेपोचं) नाव दिसलं तर 'पीपीए-पर्ज' वापरा, तो पीपीए बंद करून पॅकेजेस अधिकृत व्हर्जनवर परत आणतो. बाकीच्यांना सरळ रिमूव्ह.

'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' पण बघून घ्या, त्यात होल्ड केलेली, म्हणजे आहे त्याच व्हर्जनवर मुद्दाम रोखलेली पॅकेजेस दिसतात. मेसेजमध्ये 'हेल्ड' असलं तरी बऱ्याचदा कुणीच काही होल्ड केलेलं नसतं. आणि उबंटूवर नुसतं 'केप्ट बॅक' आलं तर तो फेज्ड अपडेट असू शकतो, 21.04 पासून ॲप्ट तो पाळतो, म्हणजे अपडेट टप्प्याटप्प्यानं लोकांना मिळतो, त्यात काही करायचं नाही, थांबायचं.

'लिबएसएसएल1.1' (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरची जुनी लायब्ररी) मागणारं जुनं पॅकेज हा नेहमीचा किस्सा. उबंटू 22.04 मध्ये ओपनएसएसएल 3 आलं आणि ती लायब्ररी गेली. जुन्या आर्काइव्हमधून ती उचलून टाकायचा सल्ला सगळीकडे मिळेल, नका करू, ओपनएसएसएल 1.1.1 चा मोफत सपोर्ट सप्टेंबर 2023 मध्येच संपलाय. त्या ॲपचं नवं व्हर्जन घ्या, नाहीतर त्याचं फ्लॅटपॅक (पॅकेजचाच वेगळा प्रकार) बघा, ते लागणाऱ्या लायब्ररीज स्वतःसोबत आणतं.

अडथळा निघाला की 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. साधा अपग्रेड बसवलेलं पॅकेज कधी काढत नाही, हा मात्र गरज पडली तर काढतो, म्हणून वाय दाबायच्या आधी 'विल बी रिमूव्ह्ड' ची यादी वाचाच. 2021 मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरनं पॉप ओएसवर स्टीम टाकताना इशारा आलेला असूनही 'येस, डू ॲज आय से' टाइप केलं आणि अख्खा डेस्कटॉप उडाला, कॅमेऱ्यासमोर. यादीत डेस्कटॉपचं नाव किंवा सिस्टमडी (सिस्टम सुरू करून चालवणारा मूळ प्रोग्राम) दिसलं तर एन दाबून परत पॉलिसीकडे.

फेडोरावर तर्क हाच, फक्त तिथल्या 'डीएनएफ' या पॅकेज मॅनेजरला '--अलाउइरेझिंग' देता येतं, पण त्यातही काढायची यादी वाचूनच. आर्चवाल्यांनी 'पॅकमन -एसवाय' (इथं एस कॅपिटल) करून एकटंदुकटं पॅकेज टाकू नये, अर्धवट अपग्रेड तिथं सपोर्टेडच नाही, कायम 'पॅकमन -एसवाययू', आणि त्याआधी आर्चच्या साइटवरच्या बातम्या बघायच्या.

सगळं झालं, रीबूट करून नीट चाललं की मगच बंद केलेले बाहेरचे रेपो एकेक करून चालू करा, तेही नव्या रिलीजसाठी ते उपलब्ध आहेत ना हे बघून, आणि दरवेळी 'ॲप्ट अपडेट' देऊन. ऑटोरिमूव्ह (आता कुणालाच न लागणारी पॅकेजेस काढणं) सगळ्यात शेवटी.